‘मंगलमूर्ती मोरया’ : देवनागरी अक्षरांसाठी पॅनेलवरील सेटिंगची नोंद

गणेशोत्सव जवळ आला की पुण्यात ढोल-ताशा पथकांच्या कुर्त्यांवर अक्षरे भरून देण्याचे काम वाढते. त्या निमित्ताने धायरीतील माझ्या एक हेड (टाके घालणारे डोके) आणि १५ सुयांच्या संगणकीय भरतकाम मशीनवर सध्या केवळ देवनागरी अक्षरांचा अभ्यास चालू आहे. चाचणीसाठी ‘मंगलमूर्ती मोरया’ हाच मजकूर कायम ठेवला आहे, कारण त्यात अनुस्वार, रफार, उकार, वेलांटी आणि काना-मात्रा एकत्र येतात. जाड सुती कापड, खाली आधारासाठी नॉन-वोव्हन पेपर, ४० नंबरचा रेयॉन दोरा आणि ७५/११ ची सुई यांपैकी काहीही न बदलता एका वेळी मशीनच्या पॅनेलवरील (सेटिंग करण्याच्या पडद्यावरील) एकच आकडा बदलायचा, अशी पद्धत ठेवली आहे.

सर्वाधिक वेळ ऑटो-कटिंगच्या (मशीनने आपोआप दोरा कापण्याच्या) सेटिंगला दिला आणि तो सार्थकी लागला. मशीनला डिझाइन देणाऱ्या डीएसटी फाइलमध्ये एका नोंदीत फ्रेम (कापड ताणून धरणारी चौकट) कोणत्याही एका दिशेला जास्तीत जास्त १२.१ मिलिमीटर सरकू शकते आणि ‘दोरा काप’ अशी स्वतंत्र आज्ञा त्यात नसते. सलग किती जंप (टाका न घालता फ्रेम सरकवण्याच्या नोंदी) आल्या म्हणजे कापायचे, हे मशीन पॅनेलवरील आकड्यावरून ठरवते. ‘मं’वरचा अनुस्वार शिरोरेषेपासून दोन-तीन मिलिमीटरच दूर असल्याने तेथे एकच जंप येते, म्हणून हा आकडा ३ असताना दोरा कापला जात नाही आणि वर छोटा धागा लोंबतो. तो टाळण्यासाठी आकडा १ करण्याचा मोह होतो. परंतु तसे केल्यास लांब अंतरासाठी फाइलने मध्ये घातलेल्या प्रत्येक जंपवरही मशीन थांबून दोरा कापू लागते आणि सलग दिसायला हवे ते काम तुटक होते. म्हणून माझे मत असे झाले आहे की, पॅनेलवर ३ कायम ठेवावे आणि पंचिंग (सॉफ्टवेअरमध्ये डिझाइनचे टाके आखणे) करतानाच अनुस्वाराच्या आधी व नंतर कट टाकावा, म्हणजे सॉफ्टवेअर त्या जागी सलग तीन जंप लिहिते.

या बाबतीत आपली लिपी फार सोयीची आहे. अक्षरे आधी आणि शिरोरेषा शेवटी भरली, तर एका अक्षरातून दुसऱ्या अक्षरात जाणारा साधा टाका शिरोरेषेखाली पूर्ण झाकला जातो, त्यामुळे शब्दाच्या आत कटिंग जवळजवळ लागतच नाही. रफारही शिरोरेषेला टेकलेला असल्याने तो त्याच ओघात निघतो. कट उरतात ते अनुस्वाराचे आणि दोन शब्दांमधल्या जागेचे.

कटनंतर सुईच्या नेढ्यातून दोरा निसटू नये, यासाठी सुरुवातीचे काही टाके संथ गतीने घेण्याची सोय पॅनेलवर असते. अनुस्वाराचा ठिपका इतका लहान असतो की, त्याचा बराचसा भाग याच टाक्यांत संपतो. संथ टाक्यांची संख्या वाढवल्यावर ठिपका गोल आणि घट्ट येऊ लागला. आखूड टाक्यांत दोरा अगदी थोडा ओढला जात असल्याने चाकाचा सेन्सर पुरेसा फिरत नाही आणि दोरा शाबूत असतानाही तो तुटल्याची सूचना येते. त्यासाठी संवेदनशीलता एक पायरी कमी केली. त्यापेक्षा अधिक कमी करणे मला योग्य वाटत नाही, कारण मग खरोखर तुटलेला दोराही मशीनला उशिरा कळतो.

हे सर्व करण्यापूर्वी दोऱ्याचा ताण तपासणे अत्यावश्यक आहे. सॅटिनच्या (लगत घट्ट घातलेल्या टाक्यांच्या) पट्टीच्या मागील बाजूस मधला सुमारे एक तृतीयांश भाग बॉबिनच्या (खालच्या रिळाच्या) पांढऱ्या दोऱ्याचा दिसला पाहिजे. तो दिसत नसेल, तर पॅनेलवरील कोणत्याही बदलाचा निष्कर्ष विश्वासार्ह राहत नाही.

गती सर्वांत शेवटी वाढवली. मशीनची कमाल गती १००० असली, तरी लहान अक्षरांना मिनिटाला ६५० टाक्यांवर कडा अधिक स्वच्छ येतात, आणि एका कुर्त्यामागे वाचणाऱ्या थोड्या वेळासाठी त्या कडा गमावणे मला मान्य नाही.

फ्रेमचा प्रकार पॅनेलवर निवडून डिझाइनची बाह्यरेषा एकदा फिरवून पाहणे हे नेहमीचेच. पुढील टप्प्यात हाच मजकूर जरीच्या दोऱ्यात, ९०/१४ ची सुई लावून आणि ५५० च्या गतीने सुरू करून खणाच्या कापडावर घेणार आहे. कटिंगचा आकडा मात्र ३ च राहील.