गोणपाटाला चार हात लागतात

२०१४ साली धायरीत भाड्याच्या खोलीत आम्ही दिवाळीसाठी प्लॅस्टरचे तयार किल्ले बनवायला लागलो. साच्यातून काढायचा, रंगाचा फवारा मारायचा, फुटपाथवर मांडायचा. धंदा बरा चालला. घरी मात्र आमचीच दोघं पोरं त्या किल्ल्यावरून रोज भांडत. करण्यासारखं त्यात उरलंच काय होतं? महाराजांना सिंहासनावर कोण बसवणार, एवढंच. तिसऱ्या दिवशी सिंहासन गॅलरीतून थेट खाली!

वैतागून मी विटांचे तुकडे, माती आणि रेशनचं जुनं गोणपाट पुढ्यात टाकलं. चिखलात बुडवलेलं गोणपाट भलतंच जड होतं. नऊ वर्षांच्या थोरल्याने दोनदा ओढून पाहिलं, मग ओरडला, "अगं, ते टोक धर की!" धाकटीने धरलं. दोघांनी मिळून ते विटांवर पसरलं, सुरकुत्या पडल्या तिथे दऱ्या झाल्या. बुरूज त्याचे, अळिवाचं जंगल तिचं. भांडण झालंच, पण पायऱ्या कुठून काढायच्या यावरून. असलं भांडण मला चालतं.

पुढल्या वर्षी तयार किल्ले बंद केले आणि किल्ला घरीच बांधायच्या सामानाचे संच विकायला काढले. बायको म्हणाली, "अर्धवट माल कोण विकत घेणार?" खरंच, पहिल्या दिवाळीत निम्मे संच परत आले. त्यात मातीच्या पिशव्या फाटल्या, एका सोसायटीत गॅलरीची मोरी तुंबली, ते बोलणं वेगळं खाल्लं. तेव्हापासून संचात जाड प्लॅस्टिकचा कागद असतो. बाकी गेरू, अळिवाची पुडी, शाडूचे मावळे आणि गोणपाट. गोणपाट मुद्दाम मोठंच देतो; एकट्याला पेलेल असं नाही.

जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. तेव्हापासून साल्हेर, खांदेरी, अगदी तमिळनाडूतल्या जिंजीचीही विचारणा होते. जलदुर्ग म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. पुन्हा पाणी, पुन्हा मोरी.

थोरला आता कॉलेजसाठी बाहेरगावी असतो. यंदा वसुबारसेच्या आदल्या रात्री उशिरा आला. धाकटीने माती चाळून, विटा रचून ठेवल्या होत्या, अळीव भिजत घातले होते. गोणपाट मात्र कोरडंच होतं.