एका घरातल्या चार सनदा

उदगीरच्या आमच्या घरात एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात सातबाऱ्याचे जुने उतारे, आईच्या लग्नातला शालू आणि बंद पडलेले एक मनगटी घड्याळ आहे, आणि सर्वांत खाली, धोतराच्या धुवट तुकड्यात गुंडाळून ठेवलेल्या तीन पदव्या आहेत. मागच्या महिन्यात त्यांत चौथीची भर पडली. माझ्या मुलीने छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातून एम.ए. पूर्ण केले आणि पदवीप्रदान समारंभासाठी आम्ही घरचे सगळे गेलो. चारही कागद त्या रात्री जमिनीवर शेजारी-शेजारी मांडले, तेव्हा माझ्या प्रथमच लक्षात आले की एकाच घरातल्या चार पिढ्यांच्या या पदव्यांवर चार वेगवेगळी नावे छापलेली आहेत, आणि ते घर मात्र आपल्या जागेवरून इंचभरही हललेले नाही.

पहिली सनद आजोबांची. ते ‘डिग्री’ किंवा ‘पदवी’ असे कधी म्हणत नसत. त्यांचा शब्द ‘सनद’. त्यांच्या तरुणपणी उदगीर हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील बीदर जिल्ह्याचा एक तालुका होता, आणि पदवीपर्यंत शिकायचे तर हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ गाठावे लागे. १९१८ साली स्थापन झालेल्या त्या विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. घरात मराठी, बाजारात कानडी आणि तेलुगूही कानावर पडणारी, आणि तर्कशास्त्र मात्र उर्दूतून, अशी आजोबांची पढाई झाली. १९३८ साली वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानियातून विद्यार्थी काढून टाकले गेले आणि त्यांतील बरेच जण पुढचे शिक्षण घेण्यासाठी नागपूरला गेले. आजोबा त्यानंतर काही वर्षांनी उस्मानियात दाखल झाले, तरी ती हकीकत ते स्वतः पाहिल्यासारखी रंगवून सांगत. त्यांच्या सनदेवरचे साल निजामाच्या राज्यात चालणाऱ्या फसली सनाप्रमाणे १३५५ असे आहे. फसली आणि इसवी सनात साधारण ५९० वर्षांचे अंतर असते, हे कळेपर्यंत आम्ही नातवंडे आजोबांना बहामनी काळातले समजत होतो.

दुसरी पदवी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत उदगीर बीदर जिल्ह्यातून निघून उस्मानाबाद जिल्ह्यात आले, आणि दोन वर्षांनी, २३ ऑगस्ट १९५८ रोजी, औरंगाबादेत पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. त्याआधी १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्याच शहरात जे महाविद्यालय सुरू केले आणि जे पुढे मिलिंद या नावाने ओळखले गेले, त्यानेही या भागातील किती घरांत पहिला पदवीधर घडवला, हे जुन्या पिढीला वेगळे सांगावे लागत नाही. अण्णा १९७१ साली मॅट्रिक झाले. लगेच कॉलेजात जायचे होते, पण पुढच्याच वर्षी ७२ चा दुष्काळ पडला. दोन वर्षे त्यांनी रोजगार हमीच्या आधीच्या त्या दुष्काळी कामांवर खडी फोडली आणि कामावर मिळणारी सुकडी खाल्ली. १९७४ साली ते बी.ए.ला बसले, तर त्याच वर्षी मराठवाडा विकास आंदोलन पेटले आणि पहिल्या वर्षी तासांपेक्षा मोर्चेच अधिक झाले. १९७७ साली पदवी मिळाली. समारंभाला जाणे झाले नाही. एवढा प्रवासखर्च कोण करणार, असा घरात साधा हिशोब होता. पदवी मात्र ते शिक्षकाच्या मुलाखतीला घेऊन गेले, आणि जाताना ती चौघडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली. त्या घडीच्या रेघा अजून कागदावर आहेत, आणि त्यांतली एक नेमकी ‘मराठवाडा’ या शब्दावरून जाते.

तिसरी माझी. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव संमत केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर जे अत्याचार झाले, त्यांविषयी आमच्या भागातली सवर्ण घरे अजूनही आवाज खाली आणून बोलतात, आणि त्यात आमचेही घर आले. पुढची सोळा वर्षे लाँग मार्च, तुरुंग आणि बलिदाने यांत गेली. १४ जानेवारी १९९४ रोजी ‘मराठवाडा’ कायम ठेवून बाबासाहेबांचे नाव जोडले गेले, म्हणजे नामविस्तार झाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाने दुसरे विद्यापीठ स्थापन झाले आणि लातूर जिल्हा, म्हणजे १९८२ पासून आमचाही जिल्हा, त्याच्या कार्यक्षेत्रात गेला. अण्णा ज्या कॉलेजात शिकले त्याच कॉलेजात, त्याच जिन्यावरून चढून मी १९९९ साली बी.एस्सी. झालो, पण माझी पदवी नांदेडची.

अशी ही पार्श्वभूमी असल्यामुळे मुलीच्या समारंभाला अण्णांनी येण्याचा हट्ट धरला, तेव्हा मला नवल वाटले नाही. बहात्तराव्या वर्षी रात्रभराचा एसटीचा प्रवास नको, असे मी म्हणून पाहिले. त्यावर त्यांनी एवढेच विचारले, “तिथं नाव पुकारतेत का नुसता कागद देतेत?” मला नक्की सांगता आले नाही. तिकीट काढताना एक गंमत झाली: महिला सन्मान योजनेमुळे बायकोचे अर्धे, पासष्टीच्या पुढचे म्हणून अण्णांचे अर्धे, पूर्ण तिकिटाचा मानकरी मी एकटाच. लातूर, अंबाजोगाई, बीड करीत पहाटे मध्यवर्ती बसस्थानकावर उतरलो. बीबी का मकबऱ्याच्या बाजूने रिक्षा विद्यापीठाकडे वळली आणि समोर ते प्रवेशद्वार दिसले. दरवर्षी १४ जानेवारीला गावोगावची माणसे या दाराशी येतात, इथल्या मातीला हात लावून कपाळाशी नेतात. अण्णांनी रिक्षा थांबवायला सांगितली, खाली उतरून चपला काढल्या आणि काही क्षण उभे राहिले. काही बोलले नाहीत. मीही विचारले नाही.

समारंभाचे वर्णन फार करीत नाही, कारण अशा समारंभांची रूपरेषा सगळीकडे जवळपास सारखीच असते. मिरवणूक, विद्यापीठगीत, पाहुण्यांचे भाषण, मग अधिष्ठात्यांनी आपापल्या विद्याशाखेचे स्नातक सादर करणे आणि त्यांना पदव्या प्रदान झाल्याची घोषणा. संख्या इतकी मोठी असते की व्यासपीठावर बोलावून पदवी देणे काही मोजक्यांच्याच बाबतीत शक्य होते. बाकीच्यांनी टेबलावरून आपले प्रमाणपत्र घ्यायचे. म्हणजे अण्णांच्या प्रश्नाचे उत्तर ‘नुसता कागद देतात’ असेच निघाले. दीक्षान्त हा शब्द मला एरवी फार आवडतो. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत आचार्य घरी निघालेल्या शिष्याला ‘सत्यं वद’ म्हणून सांगतो, आणि लगेच स्वाध्यायात हयगय करू नको, असेही बजावतो. पण तिथे एक गुरू आणि त्याच्यासमोर उभा असलेला शिष्य आहे. मंडपातल्या खुर्चीवर बसलेल्या एम.ए.च्या मुलीला ते ‘वद’ आपल्याला उद्देशून आहे असे वाटत असेल का, हा विचार माझ्या मनात आला खरा.

मुलगी प्रमाणपत्र घेऊन बाहेर आली, तेव्हा आम्ही कडुनिंबाच्या सावलीत बसलो होतो. तिने फोनवरही दाखवले: आता पदव्या डिजीलॉकरमध्ये येतात, त्यामुळे नोकरीच्या अर्जाला कागदाची फारशी गरज पडत नाही. अण्णांनी फोनकडे पाहिले न पाहिले, कागद हातात घेतला, चष्मा पुसला, उभे राहिले आणि छत्तीस वर्षे ज्या आवाजात हजेरी घेतली त्या आवाजात वाचायला सुरुवात केली. विद्यापीठाचे नाव, मग मुलीचे संपूर्ण नाव, विषय, श्रेणी, महिना, साल, काहीही न गाळता. आजूबाजूची दोन-चार कुटुंबे वळून बघू लागली. मुलगी आधी ओशाळली, मग तिच्या डोळ्यांत पाणी आले, आणि वाचन संपताच ती एकदम “हजर!” म्हणाली. शेजारी जालन्याकडचे एक जोडपे बसले होते. त्यांतील बाईंनी आपल्या मुलाची पदवी अण्णांपुढे धरली आणि म्हणाल्या, “गुरुजी, आमच्याबी पोराचं वाचा की.” अण्णांनी तेही वाचले.

मग आम्ही मुलीच्या विभागात गेलो. तिथे व्हरांड्यात टेबल टाकून माजी विद्यार्थ्यांची नोंदणी चालली होती. खरे सांगायचे तर ‘माजी विद्यार्थी संघ’ हे शब्द ऐकले की माझ्या मनात थोडी अढी येते. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागालाही गुण असतात. त्यामुळे समिती यायच्या सुमारास महाविद्यालयांना आपल्या जुन्या मुलांची आठवण फार दाटून येते, हे मी शिक्षकी पेशात राहून पाहिलेले आहे. फेटे, सामूहिक छायाचित्र, मसालेभात, आणि पुढच्या पाच वर्षांसाठी शांतता. वास्तविक पदवीधर होणे ही कायद्याच्या दृष्टीनेही किरकोळ गोष्ट नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ नुसार विद्यापीठाच्या अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांचे दहा निवडून आलेले प्रतिनिधी असतात. राज्यघटनेच्या १७१ व्या अनुच्छेदाप्रमाणे विधान परिषदेचे एक-द्वादशांश सदस्य पदवीधर निवडतात. त्या मतदानाचा हक्क पदवी मिळाल्यानंतर तीन वर्षांनी येतो आणि दर निवडणुकीला नाव नव्याने नोंदवावे लागते, म्हणूनच निम्मे पदवीधर त्या भानगडीत पडत नाहीत. मीही दोन वेळा पडलो नव्हतो, हे इथे कबूल केले पाहिजे.

मुलीने आपला फॉर्म भरला. तेवढ्यात अण्णांनी टेबलावरच्या मुलाला विचारले, “मी पण इथला माजी विद्यार्थी लागतो का?” आणि खिशातून, तशीच चौघडी केलेली, १९७७ सालची पदवी काढली. ट्रंकेतून ती त्यांनी कधी काढून घेतली, हे आम्हांला कोणालाच ठाऊक नव्हते. मुलगा गोंधळला. या विभागात अण्णा शिकलेले नव्हते. पदवी याच विद्यापीठाची, पण जुन्या नावाची. ज्या कॉलेजात शिकले ते आता नांदेडकडे. त्याने आत जाऊन विचारून आणले, वहीत एक वेगळे पान उघडले आणि म्हणाला, “बाबा, पदवी आमची हाय ना? मग तुम्ही आमचे.” यापेक्षा नेमका निर्णय मोठ्या समितीला तीन बैठकांत देता आला नसता.

फॉर्मच्या शेवटी एक रकाना होता: आपण विद्यापीठासाठी कोणते योगदान देऊ इच्छिता. मुलीने तिथे ‘स्पर्धा परीक्षा मार्गदर्शन’ असे लिहिले होते. अण्णा त्या रकान्यावर बराच वेळ थांबले, आणि ते का थांबले हे मला कळत होते, कारण गेल्या वर्षीच आमच्या तुकडीच्या पंचविसाव्या वर्षाच्या मेळाव्यावरून घरात बरीच चर्चा झाली होती. त्या मेळाव्यात कॉलेजला प्रवेश-कमान बांधून द्यावी आणि तिच्यावर तुकडीचे नाव कोरावे, असे निम्म्यांचे म्हणणे होते. मी आणि आणखी चौघे खानावळीच्या पैशांसाठी अडून बसलो. आमच्यापैकी कितीतरी जणांचा डबा रोज सकाळच्या एसटीने गावाकडून येत असे. ड्रायव्हरच्या मागच्या जाळीला पिशव्या टांगलेल्या, पिशवीवर चुन्याने किंवा रंगीत दोऱ्याने केलेली खूण, आणि गाडी उशिरा आली की त्या दिवशी प्रॅक्टिकल उपाशीपोटी. पावसाळ्यात ओढ्याला पूर आला की गाडीच येत नसे, आणि मग ज्याचा डबा आला त्याच्या चार भाकरी सहा जणांत वाटल्या जात. ज्यांनी तो डबा खाल्ला होता त्यांतलेच काही आता कमानीच्या बाजूने बोलत होते, याचा मला राग आला होता आणि अजूनही पुरता गेलेला नाही. शेवटी कमानही झाली आणि चार मुलांच्या खानावळीची सोयही झाली. कमान मोठी झाली.

अण्णांनी रकान्यात लिहिले, ‘एका विद्यार्थ्याचे दोन वेळचे जेवण, दहा महिने’, आणि खाली सही केली. निवृत्तिवेतनातून त्यांना ते जमण्यासारखे आहे. गावी परतल्यावर चौथा कागद त्याच धोतराच्या तुकड्यात ठेवला गेला. पंधरा दिवसांनी विभागातून फोन आला की कमवा आणि शिका योजनेत काम करणारा परभणी जिल्ह्यातील एक मुलगा निवडला आहे, आणि पैसे थेट खानावळवाल्याकडे गेले तरी चालतील. अण्णांनी सगळे नीट ऐकून घेतले, महिन्याचा आकडा वहीत टिपला, आणि फोन ठेवण्यापूर्वी विचारले की रविवारी रात्री खानावळ बंद असते, तेव्हा हे लेकरू जेवतं कुठं.