माळरानासाठी ट्रेल कॅमेरा निवडताना

उत्तर सोलापूर तालुक्यात, मार्डीच्या बाजूला, माझ्या मामांची कोरडवाहू जमीन आहे. शेताच्या एका अंगाला ओढा आहे आणि दुसऱ्या अंगाला कुसळी गवताचा मोकळा माळ. रब्बीची ज्वारी पोटरीत आली की सकाळी कुठेतरी ताटे मोडलेली दिसतात, आणि मग ते काळविटांचे काम, रानडुकरांचे की गावातल्या मोकाट गुरांचे, यावर चर्चा सुरू होते. एखादी शेळी गेली तर नाव लांडग्याचे घेतले जाते, मग ती भटक्या कुत्र्यांनी मारलेली असली तरी. नुकसान कोणी केले हे कळल्याखेरीज उपाय ठरत नाही, म्हणून आम्ही बांधावर ट्रेल कॅमेरा, म्हणजे समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, लावण्याचे ठरवले.

हे कॅमेरे मुख्यतः अमेरिकेतील हरणांच्या शिकाऱ्यांसाठी विकसित झाले आणि त्यांच्या जाहिरातीही त्याच बेताने लिहिलेल्या असतात. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 नुसार शिकार हा गुन्हा आहे, त्यामुळे या यंत्राचा आपला उपयोग केवळ पाहण्यापुरता आहे आणि तो तेवढाच राहावा. वाघांच्या 2018 च्या देशव्यापी गणनेत 26,838 ठिकाणी असे कॅमेरे लावले गेले होते. जंगलात कॅमेरा बांधायला जाड खोडाचे झाड मिळते आणि सावलीही मिळते. सोलापूरच्या माळावर या दोन्ही गोष्टी दुर्मीळ आहेत, त्यामुळे इथे निवडीचे निकष बदलतात.

खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेल्या मेगापिक्सेलकडे मी सर्वांत शेवटी पाहीन. स्वस्त कॅमेऱ्यांत तो आकडा बहुधा सॉफ्टवेअरने फुगवलेला असतो आणि जनावर ओळखण्यासाठी त्याची गरजही नसते. महत्त्वाचा असतो तो हालचाल टिपल्यापासून फोटो निघेपर्यंतचा वेळ. दुडक्या चालीने जाणारा लांडगा ताशी नऊ किलोमीटर वेगाने चालला, तर एका सेकंदात अडीच मीटर पुढे जातो. चार मीटर अंतरावर कॅमेऱ्याच्या चौकटीची रुंदी जेमतेम पावणेचार मीटर असते. म्हणजे एक सेकंद उशिरा जागा होणारा कॅमेरा आपल्याला शेपटी दाखवतो किंवा नुसते गवत. हा वेळ अर्ध्या सेकंदाच्या आत असलेलाच कॅमेरा घ्यावा.

रात्रीच्या प्रकाशाचे दोन प्रकार असतात. 850 नॅनोमीटरचे दिवे लांबपर्यंत पोहोचतात, मात्र समोरून पाहिल्यास मंद लाल ठिपके दिसतात. 940 नॅनोमीटरचे दिवे माणसाच्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांचा पल्ला कमी असतो आणि फोटोही जरा दाणेदार येतो. बांधावरून रात्री माणसांची ये-जा असेल तर चोरीच्या भीतीने दुसरा प्रकार बरा, आणि आम्ही तोच घेतला. कॅमेरा तळहातात मावेल एवढा लहान असल्यामुळे तो हिवराच्या झुडपात सहज लपतो. लहान आकाराची किंमत मात्र बॅटरीत मोजावी लागते. अशा कॅमेऱ्यात अनेकदा चारच पेन्सिल सेल बसतात, आणि रिचार्ज होणारे सेल दीडऐवजी 1.2 व्होल्टचे असल्याने काही कॅमेऱ्यांत रात्रीचा प्रकाश क्षीण होतो. कॅमेऱ्यासोबतच्या पुस्तिकेत असे सेल चालतील असे लिहिले आहे का, हे विकत घेण्यापूर्वीच पाहावे.

आता उन्हाविषयी, कारण आपल्या भागात खरी अडचण तीच आहे. कॅमेऱ्याचा सेन्सर जनावराचे अंग आणि त्याच्या मागची जमीन यांच्या तापमानातला फरक हलताना ओळखतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर गेला की हा फरक जवळजवळ मिटतो. अशा दुपारी काळवीट समोरून गेले तरी कॅमेरा गप्प राहू शकतो, आणि उलट तापलेले गवत वाऱ्याने डोलले की रिकाम्या फोटोंनी कार्ड भरून जाते. त्यामुळे कॅमेऱ्यापुढचे चार-पाच मीटर गवत विळ्याने जमिनीसरसे कापावे, तोंड उत्तरेकडे ठेवावे म्हणजे सूर्य थेट भिंगात येत नाही, आणि उन्हाळ्यात पहाटेच्या व संध्याकाळच्या फोटोंवरच अधिक भरवसा ठेवावा.

झाड नसल्यामुळे आम्ही लोखंडी अँगल जमिनीत ठोकून त्यावर कॅमेरा गुडघ्याच्या उंचीला बसवला. छातीच्या उंचीला लावलेल्या कॅमेऱ्याखालून खोकड आणि ससे निसटून जातात. वाटेवर तोंड थेट समोर न ठेवता तिरपे ठेवले की जनावर चौकटीत जास्त वेळ राहते. तारीख आणि वेळ आधीच लावून घ्यावी आणि ती दिवस-महिना या क्रमाने येते का तेही तपासावे, नाहीतर 3 एप्रिल आणि 4 मार्च यांचा घोटाळा होतो. कार्ड नेहमी कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे.

एका फोटोत रानडुकराची मादी ओढ्याच्या काठावरून वर येताना दिसते: पाठीवरचे राठ केस उभे, नाकाला ओल्या मातीचा लेप आणि मागे एका रांगेत पिल्ले. अशा एका फोटोने आमच्या कित्येक महिन्यांच्या तर्कवितर्कांना उत्तर दिले. लांडग्यांचे फोटोही आले आहेत, परंतु ते कोणत्या जागेवरचे हे मी कोणालाही सांगत नाही आणि सांगणार नाही. पिल्लांच्या बिळापाशी तर कॅमेरा नेऊच नये, कारण माणसाची चाहूल लागली की मादी पिल्ले दुसरीकडे हलवते. अभयारण्याच्या हद्दीत कॅमेरा लावायचा असेल तर वनविभागाची परवानगी आवश्यक आहे. आपल्या शेतातसुद्धा तो शेजाऱ्याच्या घराकडे किंवा पाणवठ्यावर येणाऱ्या बायकांच्या वाटेकडे रोखलेला नसावा.

पिकाच्या नुकसानभरपाईसाठी वनविभागाकडे अर्ज करताना तारखेसह असलेले फोटो सोबत जोडता येतात. पंचनामा मात्र वेगळा करून घ्यावाच लागतो, म्हणून नुकसान दिसताच कळवावे. कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडण्याचा विचारही कोणी करू नये, त्यात जनावरे मरतात आणि माणसेही. डुकरे फक्त ओढ्याच्या बाजूने येतात हे फोटोंवरून स्पष्ट झाल्यामुळे मामांनी तेवढ्याच बाजूला जाळीचे कुंपण घालायचे ठरवले आहे. माळाची बाजू काळविटांसाठी मोकळीच राहील.