एवढं होऊनही तीच पुस्तकं का वाचता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. सोसायटीच्या गेटवर, हळदीकुंकवाला, भाचीला घ्यायला शाळेच्या बसची वाट बघत उभी असताना, आणि परवा फोनवर जाऊबाईंनीही तेच विचारलं: "ती तळ्यातल्या बेटावर राहणाऱ्या मुलांची जुनी इंग्रजी पुस्तकं तुम्ही अजून पोरांना वाचून दाखवता?" पुढचं "एवढं होऊनही?" बहुतेक जण तोंडानं म्हणत नाहीत, पण मला ते ऐकू येतं. दर वेळी मी "मुलांना आवडतात हो" म्हणून विषय बदलत आले. आज बदलत नाही.

आधी सोप्या प्रश्नांचं बघू. मुलांना स्वतःला वाचता येतं, मग वाचून कशाला दाखवायचं? कारण एकट्यानं वाचणारं मूल अडलं तरी पुढे जातं. ऐकणारं मूल थांबवतं. ई. नेस्बिट यांचं 'द रेल्वे चिल्ड्रन' हे 1906 सालचं पुस्तक आम्ही वाचत होतो. दरड कोसळून रूळ बंद झालेत, गाडी यायची वेळ झालीये, आणि त्या बहिणी आपले लाल परकर फाडून त्यांचे बावटे करतात आणि गाडी थांबवतात, तो प्रसंग. भाचा पालथा पडून ऐकत होता. उठून बसला आणि म्हणाला, "आत्या, आपली फास्ट लोकल थांबली असती?" त्या रात्री पुस्तक तिथंच राहिलं. मोटरमनला किती लांबून दिसतं, ब्रेक मारल्यावर गाडी लगेच का थांबत नाही, यावर अर्धा तास बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी आम्ही ठाणे स्टेशनच्या पुलावर उभं राहून न थांबता जाणाऱ्या गाड्या बघितल्या. 16 एप्रिल 1853 ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून सुटली ती याच ठाण्यात आली, हे त्याला शाळेत पाठ होतं. पण रुळांबद्दल कुणी त्याच्याशी बोललं असेल तर एवढंच, की ओलांडू नका.

मराठी का नाही, असंही विचारता. मराठीही वाचते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आमच्याकडे पारायणं करून सुटा झालाय, त्याची पानं आता रबरबँडनं बांधून ठेवावी लागतात. पण फेणे हा संकटात उडी मारणारा गडी, त्याचा वेग वेगळा. मला त्याच्या जोडीला दुसरंही हवं होतं. तीन-चार भावंडं, त्यातलं एक अगदी लहान, स्वयंपाकाची काळजी करणारी एक, उगाच कॅप्टन होणारा एक, आणि दिवसभराचं केवढं तरी मोठं काम: तंबू ठोकणं, चूल पेटवणं, होडी नीट बांधणं. आणि मी ती इंग्रजीतून वाचतच नाही. डोळ्यांनी इंग्रजी, तोंडानं मराठी. शीड, डोलकाठी, सुकाणू, वल्हं, नांगर हे शब्द माझ्या लेकीला कुठल्या धड्यातून आले नाहीत, रात्री नऊ ते साडेनऊच्या त्या अर्ध्या तासातून आले.

"त्यात काही घडतच नाही" हे मात्र मी ऐकून घेणार नाही. आर्थर रॅन्सम यांचं 'स्वॉलोज अँड अ‍ॅमेझॉन्स' 1930 चं. त्याच्या पहिल्याच पानावर सात वर्षांचा रॉजर कुरणातून आईकडे पळत येतो, पण सरळ येत नाही. वारा समोरून आहे आणि तो स्वतः शिडाची होडी आहे, म्हणून एकदा या कुंपणापर्यंत, एकदा त्या कुंपणापर्यंत, असा नागमोडी येतो. आई वर उभी आहे, हातात कागद आहे, त्यात बेटावर जाण्याबद्दल वडिलांचं उत्तर असणार हे त्याला माहीत आहे, तरी तो सरळ पळत नाही. हे वाचल्यावर माझी लेक आठवडाभर लिफ्टपासून आमच्या दारापर्यंत भिंतीला हात लावत तिरकी तिरकीच येत होती, पाठीवर दप्तर घेऊन. काही घडलं नाही म्हणता?

आता तो कागद. वडील नौदलात, लांब बोटीवर. मुलांनी विचारलेलं असतं की आम्ही चौघं होडी घेऊन बेटावर राहायला जाऊ का. वडिलांची तार येते. मी ती मराठीत अशी केली होती: बावळटांपेक्षा बुडालेले बरे, बावळट नसतील तर बुडणार नाहीत. मुलं हसून लोळली होती. पुढचे कित्येक दिवस दूध सांडलं की "बावळट बुडाला" असं चालायचं.

2018 ची दिवाळीची सुट्टी. भाऊबीज झाली, भाऊ-वहिनी डोंबिवलीला गेले, भाचा राहिला. लेक नऊ वर्षांची, भाचा सात, आणि शेजारच्या दारातला मुलगा आठ. तो रोज रात्री आपली उशी घेऊन आमच्याकडे ऐकायला यायचा. मी ऑफिसला होते. घरी सासूबाई. दुपारी त्यांचा डोळा लागला तेव्हा लेकीनं त्यांच्या फोनवरून बाबाला मेसेज केला: "आम्ही तिघं तळ्यावर जाऊ का?" तो मीटिंगमध्ये होता. आजीचा नंबर, म्हणजे आजी नेतेय असं त्याला वाटलं. त्यानं अंगठा पाठवला.

तार आली.

वर्तकनगरहून उपवन तलाव म्हणजे शिवाईनगरवरून सरळ रस्ता. त्यांनी पाठीला बांधून एक चादर नेली होती, डब्यात चकल्या, पाण्याची बाटली, टॉर्च, आणि कपडे वाळत घालायची दोरी. दोरी होडी बांधायला. होडी कुठली मिळणार याचा विचार मुलांनी केला नव्हता, किंवा केला असेल तर मला कधी सांगितला नाही. आजी उठल्या तेव्हा घर रिकामं. मला फोन आला साडेचारला. ऑफिस मुलुंडला. रिक्षात बसल्यापासून मी एकच गोष्ट मनात मोजत होते: तिघांपैकी पोहता कुणाला येतं? लेकीला थोडंसं. बाकी दोघांना नाही.

मी पोचले तेव्हा विसर्जनाच्या घाटाच्या पायऱ्यांवर सहा-सात माणसं गोळा झाली होती. शेजारचा मुलगा मधल्या पायरीवर बसलेला, कमरेपर्यंत भिजलेला, हनुवटीला कुणाचा तरी रुमाल धरलेला, रुमाल लाल. शेवाळावरून पाय घसरला होता. तिथं रोज फिरायला येणाऱ्या एका आजोबांनी दंडाला धरून त्याला वर ओढलं होतं. माझी लेक रडत नव्हती. ती दोरी गुंडाळत होती, अगदी नीट, कोपर आणि पंजाभोवती वेढे घेत, मी पुस्तक वाचताना करून दाखवलं होतं तसं. मला बघून म्हणाली, "आई, आम्ही बाबाला विचारलं होतं."

हनुवटीला तीन टाके पडले. दवाखान्याच्या बाकावर त्याची आई माझ्याशी एक शब्द बोलली नाही. रात्री बेल वाजली. ती दारातच उभी राहिली, आत आली नाही. त्याची उशी आमच्याकडे राहिली होती ती तिनं मागितली. मी दिली. मग म्हणाली, "ताई, माझा एकुलता एक आहे. तुमची पुस्तकं तुमच्या घरात ठेवा." आवाज चढवला असता तर मी काही तरी बोलले असते. तिनं चढवला नाही. तो मुलगा त्यानंतर कधी आला नाही. दीड वर्षानं त्यांनी जागा बदलली. लिफ्टमध्ये दिसायचा तेव्हा हनुवटीवरची पांढरी रेघ दिसायची, आणि तो माझ्याकडे बघून हसायचा, ते मला जास्त लागायचं.

त्या वेळी मी काय म्हणाले ते सांगते, कारण तेव्हाच्या माझ्याशी माझं अजून भांडण आहे. मी म्हणाले, पुस्तकाचा काय दोष? नवऱ्यानं अंगठा पाठवला, सासूबाई झोपल्या, वॉचमननं तीन मुलांना गेटबाहेर जाऊ दिलं. सगळ्यांची नावं घेतली. सासूबाईंनी तर महिनाभर दुपारी पाठ टेकली नाही आणि मी त्यांना एकदाही "जाऊ दे" म्हटलं नाही. ते मी म्हणायला हवं होतं.

पुढच्या पावसाळ्यात मी ते पुस्तक एकटीनं पुन्हा वाचलं, पहिल्यापासून, एक ओळ न सोडता. आणि मला कळलं की मुलांना वाचून दाखवताना मी बरंच काही गाळलं होतं. तोंडानं भाषांतर करायचं म्हटलं की जिथं मुलं चुळबुळ करतील असं वाटतं तिथं आपण उडी मारतो. मी कुठं मारली होती? मुलं रोज सकाळी शेजारच्या शेतावर दूध आणायला जातात, तिथं. म्हणजे रोज कुणी तरी मोठं माणूस त्यांना बघतं. आई बेटावर येऊन जाते, तिथं. रॉजरनं पोहायला शिकायचंच आहे, तिथं. आणि अंधारात होडी हाकल्यावर आई थोरल्या जॉनकडून पुन्हा असं करणार नाही असं कबूल करून घेते, तिथंही. रागावत नाही, फक्त कबूल करून घेते. त्या पुस्तकातलं सगळं सौम्यपण या बायकांच्या येण्याजाण्यात आहे, आणि मी नेमकं तेच कंटाळवाणं म्हणून वगळलं होतं. मुलांना मी तार दिली, तारेमागची आई दिली नाही.

हे मी लेकीला सांगितलं, ती चौदाची झाल्यावर. वाटलं होतं तिला ते पटेल. ती म्हणाली, "आई, तू दुधाचं वाचलं असतंस तरी आम्ही गेलोच असतो. तिथं जायचंच होतं." मग थोडं थांबून म्हणाली, "आणि मला ते आवडलं होतं. तो पडेपर्यंत." याचं काय करायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या आईला मी ही वाक्यं सांगू शकत नाही. सांगितलीच तर तिनं दार लावून घ्यावं, ते बरोबरच होईल.

त्या पुस्तकांत आणखीही काही आहे जे मला खुपतं. खेळात मुलं मोठ्या माणसांना 'नेटिव्ह' म्हणतात, जणू आपण शोधक आणि ते तिथले रानटी. ज्या देशाला इंग्रजांनी हाच शब्द लावला तिथं बसून मी तो पोरांना ऐकवू? पहिल्यांदा मी गुपचूप 'मोठी माणसं' केलं. आता थांबते आणि सांगते की मूळ शब्द हा आहे आणि तो आपल्याला म्हणायचे. भाचीनं विचारलं, "मग त्यांच्या खेळात आपण कोण?" आम्ही त्यावर बोलतो. पुस्तक बंद करायचं कारण म्हणून ते मला पुरत नाही.

हो, अजून वाचते. आता ऐकायला भाच्याची धाकटी बहीण असते, माझ्याकडेच शाळेला आहे, आठ वर्षांची, आणि तळमजल्यावरच्या दोघी. त्या दोघींच्या आयांना मी आधी उपवनची सगळी गोष्ट सांगितली, टाक्यांसकट. एकीनं तरी पाठवली. दुसरीनं दोन महिने घेतले. शनिवारी सकाळी तिघींना पोहायच्या क्लासला मीच नेते.

आणि मी काही गाळत नाही. परवा पुन्हा सकाळ झाली, पुन्हा मुलं दूध आणायला निघाली, तेव्हा भाची वैतागली. "आत्या, पुन्हा दूध? होडीचं वाच ना." मी दुधाचं वाचलं. पूर्ण. तिनं तोंडावर पांघरूण घेतलं आणि आतून विचारलं, "मला पोहता आलं की तू मला एकटीला तळ्यावर सोडशील?"

पान संपलं होतं. मी खूण घातली आणि दिवा मालवला. तिला अजून उत्तर दिलेलं नाही.