लेकीच्या शाळेचं नाव

रविवार, नोव्हेंबर. रात्री.

आज ग्रे कपची, म्हणजे कॅनडातल्या व्यावसायिक फुटबॉलच्या करंडकाची फायनल. बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज टिपेला पोचलाय. मी वही घेऊन स्वयंपाकघरात येऊन बसलेय. दुपारी जे मनात आलं ते आजच लिहून ठेवायचंय.

लेकीला पोहायला सोडून मी किंग स्ट्रीटवर तिच्याच शाळेसमोर गाडीत बसले होते. पलीकडे टायगर-कॅट्सचं, म्हणजे आमच्या हॅमिल्टनच्या संघाचं स्टेडियम. गवतावर दोन मुलं फुटबॉल फेकत होती. आपला गोल फुटबॉल नव्हे, इथला लांबुळका, दोन्ही टोकांना निमुळता. मोठा मुलगा प्रत्येक वेळी चेंडू हातात फिरवायचा, बोटांना शिवण लागली की मगच कानामागून फेकायचा. चेंडू स्वतःभोवती गरगरत सरळ रेषेत जायचा. मग दोन्ही हात पटकन हुडीच्या खिशात, थंडीच तशी होती. त्यांच्या मागे भिंतीवर शाळेचं नाव, बर्नी कस्टिस सेकंडरी स्कूल. प्रवेशाच्या फॉर्मपासून हे नाव मी कितीदा लिहिलं असेल. हा माणूस कोण, हे मात्र मला या वर्षीच कळलं, आणि तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही.

बर्नी कस्टिस जन्माने अमेरिकन. १९२८ साली वॉशिंग्टनमध्ये जन्म, बालपण फिलाडेल्फियात. सिराक्यूज विद्यापीठाच्या संघाचे ते क्वार्टरबॅक होते. या खेळात क्वार्टरबॅक म्हणजे सगळ्या संघाचं डोकं. डाव कुठला टाकायचा हे तो सांगतो, चेंडू आधी त्याच्या हातात येतो, आणि समोरून अंगावर धावून येणारी माणसं पोचायच्या आत कुणाला द्यायचा हे त्याला ठरवावं लागतं. त्या काळी अमेरिकेत ही जागा काळ्या खेळाडूला मिळत नसे. त्याने धावावं, चेंडू झेलावा, समोरच्याला पाडावं, पण बाकीच्यांना हुकूम द्यायचे नाहीत. कॉलेजात क्वार्टरबॅक असलेल्या कितीतरी काळ्या मुलांना व्यावसायिक संघात गेल्यावर दुसरीकडे हलवलं जाई.

१९५१ साली क्लीव्हलँड ब्राउन्स या अमेरिकेतल्या व्यावसायिक संघाने कस्टिसना निवडलं. तिथले प्रशिक्षक पॉल ब्राउन यांनीच १९४६ मध्ये मॅरियन मॉटली आणि बिल विलिस या दोन काळ्या खेळाडूंना संघात घेतलं होतं, म्हणजे दार उघडणाऱ्यांपैकीच हा माणूस. संघाकडे ऑटो ग्रॅहमसारखा नावाजलेला क्वार्टरबॅक होता हेही खरं. पण कस्टिसना त्या जागेसाठी झुंजायलाही मिळालं नाही. त्यांना सेफ्टी म्हणून, बचावात मागे उभं राहायला सांगितलं. त्यांना ते नको होतं. शेवटी ब्राउन यांनी त्यांना मोकळं केलं, पण एका अटीवर : कॅनडात जा, अमेरिकेतल्या दुसऱ्या संघाकडे जायचं नाही.

म्हणून ते इथे आले, पोलादाच्या भट्ट्यांच्या या गावात, हॅमिल्टनला. टायगर-कॅट्स हा संघ तेव्हा जेमतेम वर्षभराचा, १९५० साली दोन संघ एकत्र करून बनवलेला. कॅनडाचा खेळही जरा निराळा. मैदान ११० यार्डांचं, खेळाडू बारा, आणि दहा यार्ड पुढे सरकायला चार नव्हे तर तीनच संधी. २९ ऑगस्ट १९५१ रोजी कस्टिस टायगर-कॅट्सचे क्वार्टरबॅक म्हणून पहिल्या डावापासून मैदानात उतरले. आधुनिक व्यावसायिक फुटबॉलमध्ये असं उतरणारे ते पहिले काळे खेळाडू. त्या मोसमातला प्रत्येक सामना त्यांनी सुरुवातीपासून खेळला आणि मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या ऑल-स्टार संघातही त्यांची निवड झाली. अमेरिकेत मार्लिन ब्रिस्को या काळ्या खेळाडूला सुरुवातीपासून ही जागा मिळायला १९६८ उजाडलं. सतरा वर्षं!

इथपर्यंतची गोष्ट इकडे कौतुकाने सांगितली जाते, आणि ती सांगायलाच हवी. मी अडकते ती पुढच्या वर्षापाशी. १९५२ मध्ये संघाने दुसरा क्वार्टरबॅक आणला आणि कस्टिसना रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा खेळाडू केलं. ऑल-स्टार ठरलेल्या माणसाला! ते पळण्यात तरबेज होते, मान्य. पण ज्या एका जागेसाठी ते देश सोडून आले, ती त्यांच्याकडे एकच मोसम राहिली. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. क्लीव्हलँडचा राग येणं सोपं आहे. हॅमिल्टन माझं गाव आहे, माझी लेक इथे वाढतेय, म्हणून इथलं जास्त लागतं.

ते मात्र गाव सोडून गेले नाहीत. धावले, आणि १९५३ साली विनिपेगला १२-६ असं हरवून टायगर-कॅट्सने ग्रे कप जिंकला तेव्हा ते संघात होते. शेवटचे दोन मोसम ओटावाकडून खेळले. मग याच भागात शिक्षक झाले, पुढे मुख्याध्यापक. शेरिडन कॉलेजच्या आणि नंतर मॅकमास्टर विद्यापीठाच्या पोरांना फुटबॉल शिकवला. १९८२ मध्ये ते कॅनडातल्या विद्यापीठांमधले वर्षातले सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले. १९९८ मध्ये त्यांना कॅनेडियन फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं ते खेळ उभा करणारे म्हणून. मला त्यांच्या आयुष्यातला हाच भाग सगळ्यात मोठा वाटतो. किती वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांच्या हातात चेंडू दिला असेल!

फेब्रुवारी २०१७ मध्ये ते गेले, ८८ वर्षांचे होऊन. शाळा उघडली २०१९ मध्ये. भिंतीवरचं नाव त्यांनी पाहिलं नाही.

लेक ओल्या केसांनी गाडीत येऊन बसली. टोपी घाल म्हणून दोनदा सांगितलं. घरी येताना तिला हे सगळं सांगत होते, तर मध्येच म्हणाली, "आई, मग त्यांनी तक्रार का नाही केली?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सिग्नल सुटला. आरशात ती दोन मुलं अजून दिसत होती. आता धाकटा फेकत होता आणि मोठा धावत होता.