दुसऱ्या रेघेवरचा जी

युकुलेली वाजवताना काका तिसऱ्या बारमध्ये, म्हणजे ठोक्यांच्या तिसऱ्या गटात, पुन्हा थांबले. ठोके देणारा मेट्रोनोम ६० वर होता, सेकंदाला एक ठोका. पहिले दोन बार त्यांनी ठोका न सोडता वाजवले, तिसऱ्यातला ‘ई’ हा स्वर वाजला, आणि पुढच्या ‘जी’च्या आधी एक ठोका रिकामा गेला. मग जी आला, अगदी स्वच्छ. त्यापुढचा ‘ए’सुद्धा. तीन आठवडे हेच चाललं होतं.

मी युकुलेली, म्हणजे चार तारांचं छोट्या गिटारसारखं वाद्य, शिकवते. माझ्याकडे येणारे बहुतेकजण टॅबवर, म्हणजे आकड्यांच्या लिपीवर, शिकून आलेले असतात. चार रेघा म्हणजे चार तारा, रेघेवर आकडा असेल तो फ्रेट (गळ्यावरच्या आडव्या पट्ट्यांमधलं घर) दाबायचा. साध्या टॅबमध्ये स्वर किती वेळ धरायचा हेही बहुधा नसतं, म्हणून चाल आधी कानात असावी लागते. काका आठ महिने टॅबवरच वाजवत होते. मग एक दिवस म्हणाले, “मॅडम, मला नीट वाचायला शिकवा. बोट कुठं ठेवायचं ते हे आकडे सांगतात, पण गाणं काय म्हणतंय ते त्यांच्यात दिसत नाही.” उमेदीची सगळी वर्षं त्यांनी प्रुफं तपासली होती. दिसत नाही म्हणजे त्यांना खरोखर खटकत होतं.

स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर स्वर लिहिण्याची पद्धत, शिकायला युकुलेली फार सोयीचं वाद्य आहे, हे मी प्रत्येकाला सांगते. चारही मोकळ्या तारांचे स्वर कागदावर जवळजवळ राहतात. तिसरी तार सी, तो पाच रेघांच्या खाली एका छोट्या जादा रेघेवर बसतो. दुसरी तार ई, सगळ्यांत खालच्या रेघेवर. चौथी तार जी, खालून दुसऱ्या रेघेवर. पहिली ए, त्याच रेघेच्या वरच्या घरात. शिवाय जे लिहिलंय त्याच उंचीचं वाजतं. गिटारचं तसं नाही, ती लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजते.

यापुढचा धडा मी वर्षानुवर्षं एकाच पद्धतीने देत आले. सी आणि डी तिसऱ्या तारेवर. ई, एफ, जी दुसरीवर, म्हणजे मोकळी, पहिला फ्रेट, तिसरा फ्रेट. ए, बी आणि वरचा सी पहिल्या तारेवर. सप्तक पूर्ण होतं आणि चौथ्या तारेची गरजच पडत नाही. याचा एक तक्ता मी हाताने काढून भिंतीवर लावलाय: डावीकडे कागदावरचा ठिपका, उजवीकडे युकुलेलीच्या गळ्यावरची जागा. एका ठिपक्याला एक जागा.

काकांचं अडणं मी वाचण्यातली अडचण समजले. दुसरी रेघ ओळखायला वेळ लागतोय, असं मनाशी धरून स्वरांच्या चिठ्ठ्या केल्या आणि एकेक समोर धरली. जी दिसला रे दिसला की उत्तर यायचं. “डोळा पुढं ठेवा, हातातल्या स्वरावर रेंगाळू नका,” असंही सांगून पाहिलं. त्यांनी ते मनापासून केलं. एक ठोका तरीही रिकामाच.

त्या गुरुवारी मी त्यांना युकुलेली मांडीवर आडवी ठेवायला सांगितली आणि आठही बार स्वरांच्या नावांनी म्हणून घेतले. कुठंही थांबले नाहीत. तिसऱ्या बारमध्ये “ई, जी, ए” सरळ आलं. म्हणजे डोळ्यांची तक्रार नव्हती. मग वाद्य पुन्हा हातात घ्यायला सांगितलं, वाजवायला नाही, फक्त हात जागेवर न्यायला. मी कागद सोडून त्यांच्या हातांकडे बघत बसले. हे मी तीन आठवड्यांपूर्वीच करायला हवं होतं.

जी आला आणि एकाच वेळी दोन हालचाली झाल्या. डाव्या हाताची अनामिका दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटकडे निघाली. उजव्या हाताचा अंगठा वर, चौथ्या तारेकडे उचलला गेला. दोन्ही अर्ध्यावर थांबले.

“काका, कुठं अडलं?”

“अडलं नाही मॅडम. हा स्वर दोन ठिकाणी आहे. वरची मोकळी तार जी आहे, तुम्हीच पहिल्या दिवशी सांगितलंत. आणि तक्त्यात तो दुसऱ्या तारेवर आहे. मी दोन्ही वाजवून पाहिलेत, एकच येतात. मग इथं यातला कुठला लिहिलाय?”

“इथं फक्त स्वर लिहिलाय. जागा लिहिलेली नाही.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग विचारलं, “म्हणजे दोन्ही शुद्ध?”

हा प्रश्न मला त्याआधी कुणी इतक्या नेमकेपणाने विचारला नव्हता. शब्द एकाच तऱ्हेने शुद्ध असतो आणि दुसरा पर्याय दिसला की खूण करायची, अशी सवय त्यांच्या हाताला लागलेली. त्या रिकाम्या ठोक्यात ते कागदावर नसलेली सूचना शोधत होते.

मी म्हटलं, वाजवून बघू. तिसऱ्या बारमधले तीन स्वर: ई, जी, ए. आधी तक्त्याप्रमाणे. ई दुसऱ्या तारेवर मोकळा, आणि त्याच तारेवर तिसरा फ्रेट दाबून जी. तार एकच, त्यामुळे जी सुरू होताना ई संपतो. मग ए. नंतर तेच स्वर, पण जीसाठी चौथी मोकळी तार. आता तीन स्वर तीन तारांवर. ई घुमत असताना जी येतो, दोघं घुमत असताना ए. काकांनी हात उचललाच नाही. तिन्ही स्वर पुरते विरेपर्यंत ऐकत राहिले, आणि मग स्वतःहून पुन्हा वाजवले. सहा-सात वेळा तरी.

हे युकुलेलीला साधतं ते तिच्या चौथ्या तारेमुळे. चौथी तार वादकाच्या चेहऱ्याच्या सर्वांत जवळ असते. तिथं सगळ्यांत खालचा स्वर असेल असं वाटतं, पण ती तिसरीपेक्षा उंच लावलेली असते. सी सुमारे २६२ हर्ट्झ, जी ३९२. (काहीजण या जागी खर्जातला जी लावतात. तो मग कागदावर दोन जादा रेघांच्याही खाली लटकतो आणि मोकळ्या तारेचा हा प्रश्नच उरत नाही.) उंच चौथ्या तारेमुळे शेजारशेजारचे स्वर वेगवेगळ्या तारांवर वाटून देता येतात आणि एकमेकांत घुमवता येतात. या वादनाला कँपानेला म्हणतात, इटालियनमध्ये छोटी घंटा. युकुलेलीच्या जन्माच्या कितीतरी आधी, १६७४ मध्ये, स्पॅनिश वादक गास्पार सान्स याने आपल्या गिटारच्या धड्यांत या घुमणाऱ्या वादनासाठी खर्जाच्या तारा नकोत असं लिहून ठेवलंय. आणि आपल्या काळात युकुलेलीवादक जॉन किंग यांनी संगीतकार बाखची एकट्या व्हायोलिनसाठीची तिसरी पार्टिटा (अनेक तुकड्यांची रचना) याच रीतीने युकुलेलीवर आणली. हे सगळं मला ठाऊक होतं, मी स्वतः वाजवतेही. पण ‘पुढच्या टप्प्यावर शिकवायचं’ म्हणून बाजूला ठेवत आले होते. काका पहिल्याच पानावर तिथं पोचले होते.

त्यांनी वही काढली आणि आम्ही जागा मोजत बसलो. जी तिसऱ्या तारेच्या सातव्या फ्रेटवरही निघाला, म्हणजे तीन जागा. ए तर चार: पहिली तार मोकळी, चौथीचा दुसरा फ्रेट, दुसरीचा पाचवा, तिसरीचा नववा. प्रत्येक जागा वाजवल्यावर ते थोडा वेळ ऐकायचे. नवव्या फ्रेटवरच्या एबद्दल म्हणाले, “हा जरा गोल आहे.” बरोबर होतं. जाड तार, दाबल्यामुळे लांबी कमी; उंची तीच राहून पोत बदलतो.

मग मी त्यांना वरच्या सीपासून उतरणारे चार स्वर दाखवले. सी पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, बी चौथीच्या चौथ्या, ए पहिली मोकळी, जी दुसरीच्या तिसऱ्या. टॅबमध्ये लिहिलं तर आकडे वरच्या रेघेवरून एकदम खालच्या, पुन्हा वर, मग मध्ये, असे उड्या मारतात. पाच रेघांवर लिहिलं तर चार ठिपके पायऱ्या उतरावेत तसे खाली येतात. “हे मला हवं होतं,” काका म्हणाले. “गाणं उतरतंय हे दिसलं.” टॅबला मी कमी लेखत नाही. जागा नेमकी सांगायची तर तिच्याइतकं सोपं काही नाही. पण चालीचा चढउतार पाहायचा असेल तर मला पाच रेघाच लागतात.

त्या सबंध तासात मला एक मुलगी आठवत होती. दोन वर्षांपूर्वी येत असे, अकरा-बारा वर्षांची. तीही वाचताना मध्येच थबकायची आणि वर चौथ्या तारेकडे बघायची. ते बघणं मला आजही स्पष्ट आठवतं. “इकडं तिकडं बघू नकोस, कागदाकडे बघ,” असं मी तिला सांगत राहिले, आणि शेवटी “तुला टॅबच बरी” म्हणून तिला परत टॅबवर नेलं. ती काही बोलली नाही. काकांसारखं विचारायचं धाडस त्या वयात कुठून येणार? तिची शंका काय होती हे मला आता सांगता येणार नाही, पण तेव्हा मी विचारलंसुद्धा नव्हतं. याचं मला वाईट वाटतं, आणि ते काकांना मी त्याच दिवशी सांगितलं. ते म्हणाले, “मग त्या तक्त्यात आता जागा वाढवा.”

तास संपायला दहा मिनिटं होती. जागा कागदावर कशी नोंदवतात तेवढं सांगून टाकलं: ठिपक्याजवळ गोलातला आकडा म्हणजे तार, नुसता आकडा म्हणजे डाव्या हाताचं बोट, शून्य म्हणजे मोकळी तार. काकांनी कानामागची पेन्सिल काढली आणि तिसऱ्या बारमधल्या जीवर गोलात चार लिहिला.

मग सहाव्या बारपाशी आले. तिथंही जी होता: एफ, जी, आणि एका ठोक्याचा विराम. मला वाटलं, इथंही चार लिहितील, घुमण्याची गोडी नुकतीच लागलेली. त्यांनी तो बार चौथ्या तारेवर वाजवला, विरामाच्या चिन्हावर पेन्सिल टेकवली आणि मोकळी तार अजून वाजतेय ते ऐकलं. मग दुसऱ्या तारेवर वाजवला. एफ, जी, आणि दाबलेलं बोट तारेवरच सैल सोडलं. आवाज थांबला. मेट्रोनोमचा ठोका एकटा ऐकू आला.

“इथं हा,” म्हणत त्यांनी गोलात दोन लिहिला, आणि पहिल्या बारपासून सुरुवात केली.