पहिल्या सूचनेच्या आधी

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिताना मी माझ्या कामाविषयीच लिहायचे ठरवले, कारण त्या कामाला लागणारी सवय मला शाळेनेच लावली. विज्ञानाचे आमचे सर कोणताही प्रयोग झाला की घडलेल्या गोष्टी क्रमाने सांगायला लावत आणि एखादी पायरी गाळली गेली की तिथेच थांबवून ‘याच्या आधी काय झाले?’ असे विचारत. यंत्रांच्या पोटात बसवलेल्या मायक्रोप्रोसेसरसाठी प्रोग्रॅम लिहिणे हा पुढे माझा व्यवसाय झाला. त्यातही वीज आल्यापासून पहिला कोड चालू होईपर्यंतचा अल्पसा काळ हा माझ्या विशेष आवडीचा विषय आहे.

वीज मिळताच प्रोसेसर कामाला लागतो, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात पुरवठ्याचा व्होल्टेज स्थिर होईपर्यंत आणि त्याला ठोके देणाऱ्या क्रिस्टलची आंदोलने नियमित होईपर्यंत त्याला रिसेटमध्ये, म्हणजे आरंभाच्या थांबलेल्या स्थितीत, रोखून धरावे लागते. ८०५१ या चिपमध्ये ऑसिलेटर (क्रिस्टलवर चालणारे ठोक्यांचे सर्किट) चालू असताना रिसेटची पिन किमान २ मशीन सायकल, म्हणजे २४ आंदोलने, ‘हाय’, म्हणजे वरच्या व्होल्टेजवर, राहावी लागते, आणि साध्या बोर्डांवर एक कपॅसिटर व एक रेझिस्टर एवढ्यावर हे काम भागते. नवा बोर्ड हाती आला की मी व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर सर्वांत आधी पुरवठा आणि रिसेट या दोनच रेषा पाहतो. पुरवठा पुरेसा चढण्यापूर्वीच रिसेट सुटत असेल, तर पुढचे काहीही तपासण्यात अर्थ नसतो.

रिसेट सुटल्यावर प्रोसेसरला मेमरीतला केवळ एक ठरलेला पत्ता माहीत असतो, आणि तो चिपच्या रचनेतच पक्का केलेला असतो. ८०८५ हा प्रोसेसर शून्य पत्त्यावरची सूचना उचलतो. ८०८६ मात्र आपल्या १ मेगाबाइट पत्त्यांपैकी शेवटचे १६ बाइट उरलेले असताना सुरू होतो, त्यामुळे तिथे दुसरीकडे उडी मारणारी सूचना ठेवावीच लागते. ६८००० या प्रोसेसरने वेगळी रीत घेतली, आणि आर्मच्या कॉर्टेक्स-एम मालिकेतही तीच दिसते: सुरुवातीला सूचना नसतात, तर दोन पत्ते असतात. फ्लॅशमधले, म्हणजे वीज गेली तरी मजकूर टिकवणाऱ्या मेमरीतले, पहिले ८ बाइट हेक्स (सोळा-आधारी) अंकांत ००, ८०, ००, २०, ०५, ०१, ००, ०८ असे असले, तर सर्वांत लहान स्थानाचा बाइट आधी या नियमाने पहिले चार २०००८००० असे वाचायचे. तो स्टॅकचा (प्रोग्रॅमच्या तात्पुरत्या नोंदींच्या जागेचा) आरंभ, म्हणजे २००००००० पासून सुरू होणाऱ्या ३२ किलोबाइट रॅमचे वरचे टोक. उरलेले चार ०८०००१०५ असे वाचायचे; त्यातला शेवटचा बिट १ असणे ही ‘थंब’ सूचनासंचाची खूण असून प्रत्यक्ष कोड ०८०००१०४ वर असतो. एवढ्या आठ बाइटांतून पुढचा सारा प्रोग्रॅम उभा राहतो, याचे मला आजही अप्रूप वाटते.

सी भाषा शिकताना प्रोग्रॅम ‘मेन’ या मुख्य फंक्शनपासून सुरू होतो असे सांगितले जाते, पण आमच्या सरांनी हे उत्तर मान्य केले नसते. वीज आल्यावर रॅममध्ये काय असेल याचा भरवसा नसतो. म्हणून आरंभीचा छोटा कोड फ्लॅशमध्ये जपलेल्या आरंभीच्या किमती रॅममध्ये उतरवतो, ज्या चलांना किंमत दिलेली नसते त्यांची जागा शून्याने भरतो, आणि मगच ‘मेन’ला हाक मारतो. हे पूर्ण होईपर्यंत त्या कोडला कोणत्याही ग्लोबल (साऱ्या प्रोग्रॅमला सामाईक) चलावर विसंबता येत नाही.

लिनक्स चालवणाऱ्या मोठ्या चिपांमध्ये अडचण आणखी मूलभूत असते. डीरॅम ही मुख्य मेमरी तिचा कंट्रोलर जुळवल्याशिवाय वापरता येत नाही, आणि तो जुळवणारा कोड ठेवायलाही मेमरी लागते. त्यावर तोडगा म्हणून चिपमध्येच कायमची कोरलेली बूट रॉम असते. ती काही पिनांची स्थिती पाहून कोड एसडी कार्ड, फ्लॅश की सिरियल पोर्ट यांपैकी कुठून घ्यायचा हे ठरवते आणि तिथून त्याचा पहिला तुकडा चिपमधल्या एसरॅम या छोट्या, जुळवणीविना चालणाऱ्या मेमरीत आणते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एएम३३५एक्स चिपांत हा तुकडा १०९ किलोबाइटांत बसवावा लागतो, म्हणूनच ‘यू-बूट’ या लोडरचा (पुढचा प्रोग्रॅम मेमरीत आणून सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचा) एसपीएल नावाचा काटकसरीचा अवतार वापरतात. तो डीरॅम जागी करतो, पूर्ण लोडर तिच्यात आणतो, आणि तो लोडर पुढे कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आणतो.

या साखळीत मला सर्वांत जोखमीची वाटते ती बूट रॉम. पुढचे सगळे तुकडे नव्याने लिहून बदलता येतात. रॉम मात्र चिप घडली की कायमची. २०१९ साली उघड झालेला ‘चेकएम८’ हा दोष ॲपलच्या ए५ ते ए११ चिपांच्या अशाच रॉममध्ये होता, आणि लोकांच्या हातात गेलेल्या उपकरणांत तो कोणत्याही अपडेटने काढता आला नाही.